बंद घरातला खून आणि अपिलातला पहिला प्रश्न

सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली की गावाच्या लेखी प्रकरण संपतं. बायको घरात मेली, नवरा घरात होता, मग दुसरं कोण करणार, हा हिशेब गावाने पहिल्याच दिवशी मांडून ठेवलेला असतो. न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, असं सगळे धरून चालतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या अशा शिक्षांवरची अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे चालतात. तिथे दोन न्यायमूर्तींसमोर तोच हिशेब पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासायचा असतो. आमचं म्हणणं इतकंच की त्या तपासणीची सुरुवात ‘आरोपीने खुलासा का दिला नाही’ इथून होऊ नये. ‘त्या वेळी तो घरात होता, हे सरकार पक्षाने कशावरून सिद्ध केलं’ हा पहिला प्रश्न असावा. कुटुंबातल्या खुनाच्या अपिलात पुढचं बरंचसं या क्रमावर ठरतं.

या क्रमाचा घोळ होतो तो एका कलमामुळे. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०६, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १०९. एखादी बाब खास एखाद्याच्याच माहितीतली असेल, तर ती शाबीत करण्याचा भार त्याच्यावर, असं ते सांगतं. कायद्यातच दिलेलं उदाहरण रेल्वेच्या तिकिटाचं आहे: विनातिकीट प्रवासाचा आरोप असेल तर तिकीट होतं हे प्रवाशाने दाखवायचं. खुनाच्या खटल्यात हे कलम कसं वापरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली शंभूनाथ मेहरा प्रकरणात स्पष्ट केलं. गुन्हा शाबीत करण्याची सरकार पक्षाची मूळ जबाबदारी या कलमाने कमी होत नाही. पुढे २००६ साली महाराष्ट्रातल्याच त्रिमुख किरकन प्रकरणात न्यायालयाने दुसरी बाजू मांडली. घराच्या आत, गुप्तपणे झालेल्या खुनात साक्षीदार मिळणं अवघड असतं, म्हणून त्या घरातल्या माणसाला गप्प बसून सुटता येणार नाही. त्या प्रकरणात बायकोला साप चावला असं सांगितलं गेलं होतं आणि वैद्यकीय पुरावा गळा दाबल्याचा होता. निकाल योग्यच होता. अडचण अशी की पुढे खालच्या न्यायालयांत त्या निकालाचा अर्धाच भाग वाचला जाऊ लागला. घर, नवरा, प्रेत, आणि खुलासा नाही. एवढ्यावर दोषसिद्धी लिहिली जाते. २०२१ साली बिहारच्या नागेंद्र साह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की परिस्थितीची साखळी सरकार पक्षाने आधी पूर्ण केलेली नसेल, तर आरोपीच्या मौनाने ती पूर्ण होत नाही. त्या घरात इतर माणसंही राहत होती, हेही तिथे महत्त्वाचं ठरलं.

आता हे खानदेशातल्या घराला लावून पाहू. ‘रात्रीची वेळ, म्हणजे नवरा घरात’ हे गृहीतक शहरातल्या फ्लॅटला कदाचित चालेल. इथे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा घराच्या आत कोणी झोपत नाही. माणसं धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर), ओट्यावर, अंगणात, खळ्यात झोपतात. म्हातारी एका बाजूला, पोरं दुसरीकडे, आणि घराचं मागचं दार गोठ्याकडे उघडं. कृषिपंपांची थ्री फेज वीज पाळीने येते. रात्रीची पाळी असली की केळी किंवा कपाशीला पाणी भरायला शेतकरी रात्रभर शेतात असतो. पीक तयार असेल तर राखणीला. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, गोठ्यात किंवा मळ्यातच मुक्कामाला. एका भिंतीला लागून भावाचं घर, मधे वाटणीचं दार. अशा घरात रात्री कोण कुठे होतं, हा पुराव्याने ठरवायचा मुद्दा आहे. तो गृहीत धरता येत नाही.

म्हणून अपिलाच्या वकिलाने निकालपत्राआधी घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा हातात घ्यावा. दारं किती, कडी आतून होती की बाहेरून, अंथरुणं किती आणि कुठे टाकलेली, प्रेत ज्या खोलीत सापडलं तिथे शेवटचं कोण झोपलं होतं. पुष्कळ पंचनाम्यांत अंथरुणांचा उल्लेखच नसतो. तो नसणं आरोपीच्या विरोधात जाऊ शकत नाही, कारण ती उणीव तपासाची आहे. शेतात पाणी भरायला गेलो होतो असा बचाव असेल, तर वीज उपकेंद्राच्या नोंदवहीत त्या फीडरला (वीजवाहिनीला) त्या रात्री किती वाजता पुरवठा सुरू झाला आणि कधी बंद झाला ते लिहिलेलं असतं. ही वही खटला चालू असताना मागवायला हवी. अपिलात जादा पुरावा घेण्याची तरतूद आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३९१ आणि नागरिक सुरक्षा संहितेत ४३२, पण न्यायालयं ती हात आखडूनच वापरतात, आणि तोवर वही जपून ठेवलेली असेल याची खात्री नाही. मोबाइलच्या टॉवर लोकेशनवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. सातपुड्याच्या पायथ्याला घर आणि मळा दोन्ही एकाच टॉवरखाली येतात, त्यामुळे त्यातून ना सरकार पक्षाला काही मिळतं ना बचावाला.

हजेरी ठरली तरी वेळ ठरवायची राहते. मृत्यूची वेळ डॉक्टर मुख्यतः दोन गोष्टींवरून सांगतात: प्रेताचा ताठरपणा आणि पोटातलं अन्न. दोन्ही अंदाज आहेत. उत्तर भारतासाठी न्यायवैद्यकाची पुस्तकं ताठरपणाचा काळ हिवाळ्यात २४ ते ४८ तास आणि उन्हाळ्यात १८ ते ३६ तास असा देतात. म्हणजे ऋतूनुसार उत्तर बदलतं. खानदेशच्या उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो, लवकर उतरतो आणि प्रेत लवकर कुजू लागतं. शवविच्छेदन अहवालात महिना दिसतो, पण खोलीचं तापमान, छत पत्र्याचं की धाब्याचं, प्रेत किती वेळ उन्हात किंवा शवगृहात होतं, हे लिहिलेलं नसतं. ‘मृत्यू सहा ते बारा तासांपूर्वी’ एवढं मत असेल आणि आरोपी रात्री दहाला घरी आला असेल, तर तो येण्याआधीची वेळही त्या पट्ट्यात बसते की नाही हे गणित अपिलात आकड्यांनी करून दाखवावं लागतं. उलटतपासणीत डॉक्टरला हा प्रश्न विचारलेला नसेल तर अपिलात हात बांधले जातात, पण अहवालातल्या नोंदींवरून तो मांडता येतोच.

त्याहीआधीचा प्रश्न: हा खून आहे का? विहिरीतलं प्रेत, गळफास, विष आणि भाजणं या चारही प्रकारांत आत्महत्येची शक्यता खरी असते, आणि कपाशीच्या पट्ट्यात फवारणीचं औषध घरोघरी हाताशी असतं. गळफासाचा वण साधारणपणे तिरका, वर जाणारा, गाठीपाशी तुटलेला असतो. गळा आवळल्याचा वण आडवा, पूर्ण वेढा घेणारा आणि खाली असतो. भाजून मेलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत काजळी असेल तर आग लागली तेव्हा श्वास चालू होता. ती नसेल तर आधी मारून मग पेटवल्याचा संशय बळावतो. याच मुद्द्यावर महाराष्ट्रातली सर्वांत गाजलेली कौटुंबिक अपील केस उभी आहे. शरद बिरधीचंद सारडा यांना पत्नीला विष दिल्याबद्दल सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली त्यांना निर्दोष सोडलं. आत्महत्येची शक्यता सरकार पक्षाला पुसून टाकता आली नव्हती. परिस्थितिजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्या आज प्रत्येक निकालात उतरवल्या जातात, त्या त्याच निकालातल्या. दोन न्यायालयांनी तीच कागदपत्रं वाचून फाशीचा निष्कर्ष काढला होता, हे अपिलाला ‘सुटण्याची पळवाट’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

रक्ताच्या डागांबद्दल थोडक्यात. जखमी बायकोला उचलून रिक्षात घालणाऱ्या नवऱ्याच्या शर्टावर रक्त लागणारच. कपड्यावर तिच्या गटाचं रक्त सापडल्याचा रासायनिक विश्लेषकाचा अहवाल एरवी भक्कम पुरावा ठरेल, पण एका घरातल्या माणसांच्या बाबतीत त्याचं वजन पार उतरतं. वजन असलंच तर ते डागाच्या स्वरूपाला: शिंतोडे की पुसट लागलेलं रक्त, बाहीवर की छातीवर. हा फरक जप्ती पंचनाम्यात क्वचितच लिहिलेला असतो. तसंच कुऱ्हाडीचं. सगळं कुटुंब वापरतं त्या गोठ्यातून कुऱ्हाड ‘आरोपीने काढून दिली’ म्हणून ती त्याच्या एकट्याच्या माहितीतली ठरत नाही, आणि पंच फितूर झाले असतील तर मागे उरतो तो केवळ तपास अधिकाऱ्याचा शब्द.

मृत्युपूर्व जबाबावर मात्र थांबावं लागतं, कारण भाजल्याच्या प्रकरणांत सगळा खटला त्याच एका कागदावर उभा असतो. एवढ्या एका जबाबावर शिक्षा होऊ शकते, हे १९५७ पासून ठरलेलं आहे. रुग्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा शेरा नसला म्हणून जबाब आपोआप बाद होत नाही, हे २००२ साली लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात घटनापीठाने सांगितलं. त्यामुळे ‘शेरा नाही’ एवढ्यावर अपील जिंकता येत नाही. वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखल करताना केसपेपरवर काय लिहिलं? ‘स्टोव्हचा भडका’ असं पहिल्या डॉक्टरने लिहिलं असेल आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात माहेरची माणसं पोहोचल्यानंतरच्या जबाबात नवऱ्याचं नाव आलं असेल, तर दोन्हींच्या मधे किती तास गेले आणि खाटेजवळ कोण होतं? पहिल्या वेळी सासू उशाशी उभी होती म्हणून बाई घाबरली, असंही असू शकतं. तेव्हा बदल झाला म्हणून दुसरा जबाब खोटा, असं धरायलाही आम्ही तयार नाही. वेदनाशामक इंजेक्शन किती वाजता दिलं हे नर्सच्या नोंदीत असतं. दोन्ही हात भाजलेले असताना अंगठ्याच्या ठशात रेषा स्पष्ट दिसतात का? आणि बाई अहिराणी किंवा पावरी बोलीत बोलली असताना कागदावर सरळ शासकीय मराठी, कलमाला साजेशा शब्दांत, प्रश्नांशिवाय सलग कशी उतरली?

भाषेची ही अडचण साक्षींनाही आहे. साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो, नोंद प्रमाण मराठीत होते, आणि खंडपीठाचं कामकाज इंग्रजीत असल्याने पेपर बुकमध्ये, म्हणजे अपिलासाठी बांधलेल्या कागदपत्रांच्या संचात, भाषांतर जातं. अपिलाच्या वकिलाने वादाच्या साक्षी मूळ मराठीतच वाचाव्यात. भांडणाचा आवाज ‘ऐकला’ आणि भांडण ‘झाल्याचं कळलं’ यांतला फरक भाषांतरात बुजतो, आणि ऐकीव माहिती प्रत्यक्ष पुराव्याच्या जागी जाऊन बसते.

मुलांच्या साक्षीचंही असंच आहे. आईच्या मृत्यूनंतर पोर मामाकडे राहतं आणि दोन-तीन वर्षांनी न्यायालयात उभं राहतं. बाल साक्षीदार कायद्याने पूर्ण चालतो. पण त्याचा पोलिसांपुढचा पहिला जबाब घटनेनंतर कोणत्या दिवशी नोंदला, आणि त्यात नसलेलं काय न्यायालयात वाढलं, हे दोन कागद शेजारी ठेवून तपासावं लागतं. उशिराचा जबाब आणि वाढीव तपशील एकत्र आले, तर पोर पढवलेलं असण्याची शक्यता न्यायालयाने गंभीरपणे घ्यायला हवी.

सर्वांत मोठं नुकसान मात्र बचाव पक्ष स्वतःच करून घेतो, आणि ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ च्या जबाबात होतं (नागरिक सुरक्षा संहितेत ३५१). सरकारी पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला प्रत्येक बाब समजावून विचारतात. ‘खोटं आहे’, ‘माहीत नाही’, ‘मला गोवलं आहे’, अशी शंभर उत्तरं देण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. बाहेरच्या खुनात ती एक वेळ निभते. घरातल्या खुनात तिची किंमत जन्मठेप असते, कारण कलम १०६ चा आधार घेणारा निकाल ‘आरोपीने कोणताही खुलासा दिला नाही’ या वाक्यावर उभा राहतो. शेतात होतो, भावाकडे होतो, आलो तेव्हा ती फासावर होती, जे खरं असेल ते इथे सांगायला हवं. २००९ च्या दुरुस्तीनंतर लेखी निवेदन देण्याची सोय कायद्यातच आहे. आरोपी बोलताना घाबरत असेल तर वकिलाने त्याच्याशी तुरुंगात बसून ते तयार करावं. याची दुसरी बाजू अपिलात उपयोगी पडते: जी बाब या जबाबात आरोपीला विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हेही सारडा निकालातच आहे. निकालपत्रातली प्रत्येक ‘परिस्थिती’ एका कागदावर लिहावी, समोर ३१३ मधला प्रश्न क्रमांक मांडावा. रकाने रिकामे राहिले की अपिलाचे मुद्दे हातात येतात.

काही प्रकरणांत मारणारा कोण याबद्दल वादच नसतो. बांधावरून, वाटणीवरून, दारूच्या भरात भावाने भावाला हाताला लागलेल्या काठीने मारलेलं असतं. तिथे पूर्ण सुटकेचा हट्ट धरण्यापेक्षा कलम ३०२ (खून) ऐवजी ३०४ (खून न ठरणारा सदोष मनुष्यवध) हा पर्यायी मुद्दा नीट मांडणं शहाणपणाचं (न्याय संहितेत १०३ आणि १०५). घाव एक की अनेक, डोक्यावर की पायावर, हत्यार आणलेलं की तिथलंच, मारल्यावर पळाला की दवाखान्यात नेलं. अचानक भांडणाच्या अपवादाला दोन्ही बाजूंची झटापट लागते. निजलेल्या किंवा एकतर्फी मार खाणाऱ्या बायकोच्या बाबतीत तो अपवाद पुढे करणारे युक्तिवाद फेटाळले जातात, आणि फेटाळले जायलाच हवेत.

याला एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. घरात मारल्या गेलेल्या बाईचा साक्षीदार कोण? शेजारी बोलत नाहीत, सासरची माणसं एक होतात, ऊसतोडीला गुजरातेत गेलेला शेजारी तारखेला येत नाही. आमच्या क्रमाने गेलं तर मारणारे सुटतील, असं माहेरची माणसं म्हणतील. त्यांचं दुःख खरं आहे. पण त्यावरचा इलाज आरोपीच्या मौनात शोधायचा नसतो. तो पहिल्या चोवीस तासांच्या तपासात असतो. मृत्यूची खबर आधी आकस्मिक मृत्यू म्हणून नोंदली जाते आणि खुनाचा गुन्हा काही दिवसांनी दाखल होतो. तेवढ्यात घर सारवलेलं असतं, अंथरुणं धुतलेली असतात. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची आणि पुराव्याच्या चित्रीकरणाची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. घरातल्या संशयास्पद मृत्यूला, गुन्हा दाखल होण्याची वाट न पाहता, तीच पद्धत लावली तर खरा मारेकरी अपिलातही सुटणार नाही. शिवाय आरोपी सुटला किंवा त्याला कमी गुन्ह्याखाली शिक्षा झाली, तर त्याविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क पीडित कुटुंबाला २००९ पासून आहे. खानदेशातल्या किती कुटुंबांना तो कोणी सांगितला असेल?

आता व्यवहाराचं. शिक्षेच्या दिवशीच निकालाची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आरोपीला आहे. ती घेतल्याशिवाय न्यायालय सोडू नये. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस, फाशी असेल तर ३०. नकलेसाठी लागलेले दिवस त्यातून वगळतात. मुदत उलटली तरी विलंब माफीचा अर्ज करता येतो, म्हणून हताश होऊन बसू नये. वकील लावायला पैसे नसतील तर तुरुंग अधीक्षकामार्फत अपील पाठवता येतं, आणि कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत विधी सेवा मिळते. जमीन गहाण टाकायची गरज नाही, हे घरच्यांना कोणीतरी निक्षून सांगायला हवं. अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा अर्ज जातो (कलम ३८९, आता ४३०). जन्मठेपेत तो सहजी मंजूर होत नाही, पण अपील वर्षानुवर्षं सुनावणीला लागणार नसेल तर माणसाला आत ठेवणं न्याय्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली कश्मीरासिंग प्रकरणात म्हटलं आहे. पहिला अर्ज नामंजूर झाला तरी काही वर्षांनी त्याच मुद्द्यावर पुन्हा करता येतो. वकील तारखेला आला नाही म्हणून फौजदारी अपील निकाली काढता येत नाही, ते गुणदोषांवरच ठरवावं लागतं, हे १९९६ च्या बानीसिंग निकालाने पक्कं केलं आहे.

जाच होतो तो अंतराचा. धडगावच्या किंवा अक्कलकुव्याच्या कुटुंबातला माणूस नाशिकरोडला किंवा हर्सूलला आत, अपील औरंगाबाद खंडपीठात, आणि तिथल्या विधी सेवेच्या वकिलाने ना ते घर पाहिलेलं असतं ना ते खळं. त्याच्यापर्यंत फक्त कागद पोहोचतात. तिन्ही जिल्ह्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांनी जन्मठेपेच्या प्रत्येक निकालानंतर एक काम सक्तीचं करावं. खटला चालवलेल्या वकिलाने पंधरा दिवसांत दोन पानांचं टिपण लिहून अपिलाच्या फाइलला जोडावं: घराचा हाताने काढलेला नकाशा, त्या रात्री घरात आणि आवारात असलेल्या प्रत्येकाचं नाव आणि झोपण्याची जागा, विचारायचे राहिलेले प्रश्न, न मागवलेली कागदपत्रं आणि ती कोणत्या कार्यालयात मिळतील. त्याचबरोबर अपिलाच्या वकिलाचं आणि कैद्याचं निदान एक बोलणं सुनावणीआधी व्हिडिओवर व्हावं, कैद्याला समजेल त्या बोलीतला दुभाषी सोबत घेऊन. या टिपणाचं मानधन वकिलाला प्राधिकरणाने द्यावं, आणि टिपण जोडलेलं नसेल तर फाइल खंडपीठाकडे पाठवू नये.